मागे मेढ आसा

कुणाच्याही घरी गेलो की आधी भिंतीवर बोटाची गाठ मारून बघायची, ही माझी खोड. चहा यायच्या आत माझं ठोकून झालेलं असतं. सूनबाई रागावते. "बाबा, लोकांच्या भिंती काय फणस आहेत ठोकून बघायला?" अगदी फणसच आहेत. वरून सगळे सारखे, आत काय ते ठोकल्याशिवाय कळत नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, त्यात रंधा मारला त्यापेक्षा भिंतीच जास्त ठोकल्या असतील.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत काही टांगायचं म्हणजे मेहनत आहे, चिंता नाही. चिंता असते ती पोकळ भिंतीची. कुडाची असो, दोन बाजूंनी फळ्या मारलेली असो, वरून ती गुळगुळीत दिसते आणि आत हवा, माती नाहीतर भुसा. अशा भिंतीला जड वस्तू लावायची तर भिंतीवर विसंबायचंच नाही. आतला खांब शोधायचा. ठोकत जायचं. बद बद वाजलं तर पोकळ, आवाज एकदम भरीव झाला की मागे खांब. तिथे खूण करायची आणि वजन खांबाच्या गळ्यात घालायचं. खांब हवा तिथे नसेल तर दोन खांबांना जोडणारी आडवी फळी मारायची आणि वस्तू त्या फळीला टांगायची. एवढंच शास्त्र.

मिठबावच्या एका मास्तरांनी मुंबईहून लंबकाचं मोठं घड्याळ आणलं आणि स्वतःच कुडाला खिळा मारून लावलं. लंबक डावीकडे गेला की भिंत डावीकडे, उजवीकडे आला की उजवीकडे. दोन तासांत घड्याळ बंद. मास्तर म्हणाले, "मेस्त्री, खाऱ्या वाऱ्यान यंत्र बिघडला." मी ठोकून बघितलं, आडवी फळी मारली, घड्याळ चालू लागलं. मास्तरांनी मात्र शेवटपर्यंत वाऱ्यालाच दोष दिला. शिकलेल्या माणसाला आपला खिळा चुकला हे पटवणं फार कठीण. न शिकलेल्याला सोपं असतं असं मात्र कुणी समजू नये, कारण पुढची गोष्ट माझीच आहे.

ही एकोणीसशे साठनंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट, तेव्हा आमचा हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मालवणात एका शेटने बर्फाचा कारखाना काढला. बांगडे, इसवण अशी मासळी बर्फात घालून लॉरीने घाटावर पाठवायची. बर्फ आणि मासळी ठेवायला एक थंड खोली हवी होती, ती लाकडी बांधायचं काम माझ्या बाबांकडे आणि माझ्याकडे आलं. बाहेर चिऱ्याची भिंत, आत डांबरी कागद, मग खांब, खांबांवर दोन्हीकडून फळ्या आणि फळ्यांच्या मध्ये भाताचं तूस ठासून भरलेलं. तुसातून थंडी बाहेर जात नाही. त्या सबंध मोसमात गावातल्या गिरणीवरचं तूस आम्हीच उचललं.

खोलीच्या मागच्या भिंतीचा मधला खांब फणसाचा होता. शेटच्या आईची इच्छा की कामाची मुहूर्तमेढ म्हणून तोच खांब पुजावा. म्हणून तो खांब उभा करताना आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, बांधला, नारळ ठेवला, आणि माझ्या बाबांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. आमच्या घरातला एक दंडक होता. बाबा म्हणायचे, "पुजलेल्या मेढीक लोखंड लावचा नाय. लाकडाची खुंटी चलात, खिळो नको." त्यांच्या बाबांनी त्यांना सांगितलेलं, त्यांनी मला. का ते कुणी विचारलं नाही. पावसाळ्याआधी बाबा गेले आणि उरलेलं काम माझ्या एकट्याच्या अंगावर आलं.

मग मुंबईहून यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर दत्ताराम आला. मूळचा नांदगावचा, शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईत फिटर झालेला. तोंडात सतत पान आणि बोलणं असं की समोरच्याला राग यावा की हसावं कळू नये. खोली थंड करणारं जे धूड होतं, जाड लोखंडी नळ्यांच्या वेटोळ्यांचं, त्याला तो रेडिएटर म्हणायचा, कारण आधी लॉऱ्या दुरुस्त करायचा. आमच्या माणसांनी त्याचा दोन दिवसांत 'रेडो' केला. नाव बरोबर होतं. उचलायला सहा माणसं लागली. वर त्याच्यावर रोज बर्फाचा थर चढणार, म्हणजे हा रेडा भिंतीवर बसून आणखी जड होणार.

आणि त्या नळ्यांत अमोनिया. दत्तारामने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. "मेस्त्री, ह्यो रेडो खाली पडलो तर मासळी गेली ह्येचा दुःख करूक तू रवाचंस नाय. नळी मोडली की वायू भायर. आदी डोळे जातत, मगे श्वास."

रेडा लावायचा मागच्या भिंतीला. तीन खांब, प्रत्येकावर एक वर आणि एक खाली असे रेडा पेलणारे सहा लोखंडी हात. फळ्या मारून झाल्यामुळे खांब दिसत नव्हते. ठोकून खडूने खुणा करायचं काम माझं. बोल्ट आरपार बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यायचे नाहीत, नाहीतर लोखंडातून थंडी बाहेर पळते, भिंतीला घाम येतो, तूस भिजतं, कुजतं. बोल्ट खांबातच संपला पाहिजे. डावा खांब सापडला, उजवा सापडला. मधला तर मला डोळे मिटूनही सापडला असता, ती बाबांनी पुजलेली मेढ होती.

मी खडू उचलला आणि मधली खूण मेढीपासून चार बोटं बाजूला केली.

का केली? बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचा शब्द मोडायला हात धजेना, आणि मुंबईच्या फिटरला 'मेढीला लोखंड चालत नाही' असं सांगायची लाज वाटली. हसेल म्हणून. मनाशी म्हटलं, दोन बाजूंचे चार हात पक्के आहेत, मधले दोन नावाला. आडवी फळी मारून वजन बाजूच्या खांबांवर देता आलं असतं, पण मग दत्तारामने 'कित्याक', कशासाठी, म्हणून विचारलं असतं. एका प्रश्नाला भिऊन मी अख्खी विद्या गुंडाळून ठेवली.

गिरमिट मीच फिरवलं. डाव्या खांबातून आईनाच्या लाकडाचा तांबूस भुसा आला. मधल्या जागी फळी संपली आणि गिरमिट एकदम आत गचकलं. बाहेर काढलं तर पात्याला तूस. मी ते फुंकून टाकलं आणि पायाने सारलं. तेवढ्यात दत्ताराम मागून म्हणाला, "मागे खांब आसा मां रे?"

"आसा," मी म्हटलं. चार बोटांवर होताच की तो! शब्दात खोटं नव्हतं, बाकी सगळ्यात होतं.

पाऊस संपल्यावर कारखाना सुरू झाला. सहा-सात महिने रेडा गपचूप बसून होता. मीही हळूहळू विसरलो. आपली चूक लवकर उघडी पडली नाही की माणूस तिला चूक म्हणायचंच सोडून देतो.

वैशाखातली दुपार. मासळीचा शेवटचा मोठा जोर, खोली छतापर्यंत भरलेली. मी थंड खोलीचं दार तासत होतो, ते फुगून बसलं होतं. बर्फ फोडायला असणारी पारू टोपली घेऊन बाहेर आली ती तशीच उभी राहिली.

"मेस्त्रीनू, रेडो वाकलोसो दिसता. आतसून करकर आयकाक येता."

मी हसत आत गेलो आणि हसू तिथेच गोठलं. मधला खालचा हात भिंतीतून निघून लोंबत होता. फळी चिरली होती आणि त्या चिरेतून तूस बारीक धारेने खाली सांडत होतं. रेड्याचं पोट पुढे आलं होतं, अंगावर वीतभर बर्फ. डाव्या खांबावरचा बोल्ट करकरत होता. ओरडलो ते दत्तारामच्या नावाने.

तो आला, एक नजर टाकली, तोंडातलं पान थुंकलं. "पारू, सगळ्या बायकांका घेवन वाऱ्याच्या वरच्या अंगाक जा. धावा नको, पण थांबाय नको." मग इंजिनाच्या खोलीत जाऊन त्याने अमोनिया आत सोडणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि परत आला. आता इंजिन चालू ठेवून नळ्यांतला वायू ओढून घ्यायचा. अर्धा तास लागणार. दाबाचा काटा शून्यावर आला की रेडा म्हणजे नुसतं लोखंड. पण त्या अर्ध्या तासात तो एवढासाही हलता कामा नये. उजव्या कोपऱ्यात नळीचा सांधा होता, तो मोडला तर आत असलेल्याचं काही खरं नव्हतं.

मी एक वासा रेड्याच्या पोटाखाली टेकू म्हणून धरला होता. शेट दारात येऊन उभे राहिले, चेहरा पांढराफटक. दत्तारामच्या हातात साखळीची पुली होती. मधल्या वरच्या हाताला ती अडकवून रेड्याचं पोट ताणून धरायचं असं त्याने ठरवलं. त्यासाठी त्याला खाली शिरून हात वर घालावा लागणार होता.

"मेस्त्री, खालचो सुटलो. पण वरचो बोल्ट मेढीत आसा मां?"

मी शेटकडे बघितलं. शेट माझ्याकडे बघत होते. गावात माझं नुकतं नाव होत होतं, बाबांच्या मागे लोक मला काम देत होते. आणि मी परत म्हटलं, "आसा."

हा दुसरा 'आसा'. पहिल्याला निदान चार बोटांची सबब होती. ह्याला काहीच नव्हती.

"शेट, तुमी काट्याकडे जावा," दत्ताराम म्हणाला. "शून्यावर इलो की आरड मारा. मी सांगीसर इंजिन बंद करू नका." शेट गेले. त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला तसा मला कंठ फुटला.

"दत्ताराम, भायर ये! थंय मेढ नाय! चार बोटां पलीकडे आसा!"

पण त्याने साखळी ताणलेली होती. वरचा बोल्ट फळीचा तुकडा घेऊन बाहेर आला, तुसाचा भपकारा उडाला आणि रेडा वीतभर खाली येऊन माझ्या वाशावर बसला. वासा ओल्या जमिनीवर सरकला, मी त्याच्या बुडाला पाय लावला आणि खांदा वर घातला. नळी मोडली नाही. दत्ताराम ओरडला नाही. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला. त्याचा उजवा हात नळी आणि लोखंडी हात यांच्या मध्ये सापडला होता.

"काढ, काढ हात, मी उचलतंय."

"हलव नको!" तो दातांवर दात ठेवून म्हणाला. "सांध्याकडे बघ."

उजव्या कोपऱ्यातल्या सांध्यातून पांढरट वाफ निघत होती. नाकात झणझणीत वास शिरला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रेडा वर उचलला असता तरी सांधा तुटला असता आणि खाली आला असता तरी. आहे तसं थांबायचं, दुसरा इलाज नव्हता. इंजिन भकभक करत होतं. ते बंद पडलं तर दोघंही तिथेच, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी माझ्या खांद्याकडे बघत नव्हतो, त्याच्या हाताकडे बघत होतो. हात मनगटापर्यंत बर्फात होता.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "चार बोटां कित्याक?"

सांगितलं. बाबांचं, नारळाचं, दंडकाचं, सगळं. एवढं सांगायला मला तो खांदा आणि ती वाफ लागली.

तो सांध्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "देवाक गाऱ्हाणा घालून सांगलास, हय मेढ आसा म्हणान. मगे माका सांगूक काय झाला होता?"

मी रडत होतो आणि ते अमोनियाने असं म्हणायची सोय होती.

"आता घाल," तो म्हणाला.

"काय?"

"गाऱ्हाणा. वेळ जावक व्हयो. माका झोप येता, झोपलंय तर खलास."

खांद्यावर रेडा, पायाखाली चिखल, आणि मी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आज लेकराचा जा काय चुकला माकला आसात ता पोटात घाल. ह्या दत्तारामाचो हात राख, म्हाराजा."

"होय म्हाराजा," दत्ताराम म्हणाला. आवाज बारीक होत चालला होता.

"इंजिन बंद पडा नये, म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"आणि माजी अक्कल ठिकाणावर येवंदे, म्हाराजा!"

"त्येका वेळ लागतलो," दत्ताराम म्हणाला, आणि मग, "होय म्हाराजा."

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेटची आरोळी आली तेव्हा माझा पाय बधिर होता आणि दत्ताराम भिंतीला कपाळ टेकून होता. माणसं आली, रेडा उचलला, हात सुटला. मधली दोन बोटं चिरडून काळीनिळी पडली होती, डॉक्टरांनी ती काढली. फिटरचा उजवा हात! मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो, आत जायचं धैर्य नव्हतं.

शेट विचारायला आले तेव्हा दत्ताराम खाटेवर होता आणि मी दाराशी. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "तूस खाली बसला, शेट. भिंत वर रिकामी झाली. मेस्त्री टेकू देवन उभो रवलो म्हणान कारखानो वाचलो." शेटनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो. शेट आता नाहीत, कारखानाही नाही. पण त्या दिवसापासून मालवणात म्हणू लागले की मेस्त्रीच्या हातचं काम म्हणजे बिनघोर, आणि मला पुढची तीस वर्षं त्यावर काम मिळालं. ते नाव माझं नव्हतं, हे इथे लिहून टाकतो.

पंधरा दिवसांनी दत्ताराम हाताला पट्टी बांधून परत आला. मागच्या भिंतीसमोर मला उभं केलं. "ठोक." मी ठोकलं. बद, बद, आणि मग भरीव. "हय आसा?" मी मान हलवली. "तोंडान सांग." सांगितलं. गिरमिट लावलं, बाबांची मनात माफी मागितली आणि मेढीला लोखंड लावलं. फणसाचा पिवळाधमक भुसा पात्यावरून खाली पडत राहिला, आत खोलवर जाईपर्यंत पडत राहिला. दत्तारामने तो चिमटीत धरून बघितला आणि मगच बोल्ट माझ्या हातात दिला. रेडा त्या मेढीवर कारखाना बंद होईपर्यंत तसूभर हलला नाही.

हात अधू झाला तरी त्याने फिटरकी सोडली नाही, डाव्या हाताने पाना फिरवायला शिकला. मालवणात आला की माझ्याकडे उतरायचा. जेवायला बसायच्या आधी उरलेल्या बोटांनी माझ्या भिंतीवर ठोकायचा आणि विचारायचा, "मेस्त्री, आत काय आसा?" माझी बायको समजायची ही दोघांची गंमत. मी दरवेळी जीव मुठीत धरून खरं सांगायचो, इथे चिरा आहे, इथे माती आहे, इथे काही नाही.

दोन वर्षांपूर्वी नांदगावहून निरोप आला की दत्ताराम अंथरुणाला खिळला आहे. गेलो. अंगावर काही उरलं नव्हतं, बरगड्या मोजून घ्याव्यात. बोलणं मात्र तेच. मी जवळ बसलो तसा त्याने तो तीन बोटांचा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठोकलं.

"मेस्त्री, आत काय आसा?"

मी वाकून छातीला कान लावला. पोकळ, लांबून आल्यासारखा आवाज येत होता. डोळे भरून आले.

"मेढ आसा," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघून हसला. "बघ हां," म्हणाला, "त्या दिसाय तू असाच 'आसा' म्हणाललंस."